डावा डोळा, पुढच्या आठवड्यात

दारव्ह्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवत होतो. खरं सांगायचं तर शिकवणं हे निमित्त होतं, मला रंगमंच हवा होता. तो वर्षातून एकदा मिळायचा, लेझरच्या दिवशी.

प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळं कापड ठोकायचं, पोरापोरींना टेबलांच्या कडेनं दाटीवाटीनं उभं करायचं आणि मी त्या लांबुळक्या नळीचं बटण दाबायचो. समोरच्या भिंतीवर एक लाल ठिपका पडायचा. नळी आणि भिंत यांच्यामध्ये काहीच दिसायचं नाही. मागून कुणीतरी हमखास म्हणायचं, "सर, एवढंच?" हे वाक्य आलं नाही तर मी थांबून राहायचो, मला ते लागायचं. मग खिशातून उदबत्ती काढून पेटवायची आणि धूर हळूच मध्ये सोडायचा. धुरात लाल तार उभी राहायची, इकडून तिकडे ताणलेली. अख्खा वर्ग गपकन गप्प. एका वर्षी एका मुलीनं चक्क हात जोडले. तेव्हापासून स्टाफरूममध्ये त्या तासाला 'सरांची आरती' म्हणत.

"प्रकाश वाकडा जात नाही," मी आवाज खाली आणून सांगायचो. "माणूस जातो."

मग वह्या उघडायला लावायचो. लेझरचे उपयोग लिहा, कोणतेही पाच. कारखान्यात पोलाद कापतो, शास्त्रज्ञाला चंद्राचं अंतर मोजून देतो, दुकानात डब्यावरच्या काळ्या पट्ट्या वाचतो, लग्नात नाचतो. आणि पाचवा उपयोग सांगताना मी दोन्ही हात वर करायचो, जणू पडदा पडणार आहे: दवाखान्यात डोळे बरे करतो! वीसहून जास्त वर्षं मी हे लिहून दिलं. त्यातलं शेवटचं क्रियापद चुकीचं होतं, हे मला कुणी सांगितलं नाही. विचारणार तरी कुणाला, त्या विषयाचा मास्तर मीच होतो.

घराच्या मागं एक खोली वाढवली त्या हिवाळ्याची गोष्ट. टाइल बसवायला आलेल्या मिस्त्रीच्या वडिलांनी आमच्या जुन्या घराची फरशी बसवली होती, ओळंबा आणि पाण्याची नळी घेऊन. याच्याकडे तिपाईवर बसणारं लेझरचं यंत्र होतं. त्यानं बटण दाबलं आणि चारही भिंतींवरून हिरवी रेघ फिरली. माझ्या अंगात वर्ग संचारला. तरंगलांबीपासून सुरुवात करून मी पाऊण तास बोललो. त्यानं तंबाखूचा खर्रा घोटत, मोठ्या अदबीनं सगळं ऐकून घेतलं.

"सर, रेघ येते ना? आपलं काम झालं."

मी रेघेकडे पाहिलं. "मिस्त्री, ही मधात वाकली."

"नाई वाकत सर."

"अरे, खिडकीच्या खाली पाह्य. पोट सुटल्यासारखी झाली."

त्यानं जवळ जाऊन पाहिलं, मग माझं समाधान व्हावं म्हणून दोरी ताणून लावली. दोरी रेघेवर बरोबर बसली.

"आता?"

"दोरीही वाकडी आहे."

"मंग भित?"

"भिंतसुद्धा."

"सर," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडात खर्रा नसता तर तो नक्की हसला असता, "आताच तं तुमी सांगतलं ना, लाईट वाकडी जात नाई म्हणून?"

बायको चहा घेऊन आली होती. तिनं दोघांचं ऐकलं, ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, "एक डोळा झाका बरं."

उजवा झाकला, रेघ एकदम सरळ. डावा झाकला, पुन्हा पोट.

"रेघ नाई वाकली," ती म्हणाली. "तुमी वाकले."

मला दहा वर्षांपासून साखर होती. म्हणजे पथ्याची नव्हती, स्टाफरूममध्ये विनोद करण्यापुरती होती. यवतमाळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तो विनोद चालला नाही. तिथल्या डॉक्टर मॅडम माझी विद्यार्थिनी शोभाव्यात एवढ्या तरुण. त्यांनी थेंब टाकून, दिवा मारून, बराच वेळ आत पाहिलं.

"सर, उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध सूज आहे. कागद फुगला की त्यावरची रेघही फुगते."

मला हे फार आवडलं. पुढच्या वर्षी वर्गात वापरायचं, असं मनात ठरवूनही टाकलं.

"पण मला काळजी उजव्याची नाही," त्या म्हणाल्या. "डाव्याची आहे."

"डाव्यानं तर मी भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी वाचतो!"

"वाचता, कारण त्याचा मधला भाग चांगला आहे. कडेकडेनं नको त्या रक्तवाहिन्या वाढल्या आहेत. नाजूक असतात, कधीही फुटू शकतात. दोन्ही डोळ्यांत कडेकडेनं लेझर मारावं लागेल. डाव्याची बाहुली आज पुरेशी उघडत नाही, म्हणून आज उजवा करू, डावा पुढच्या आठवड्यात. डावा चुकवू नका."

"मारल्यावर चांगलं दिसेल?"

"दिसतंय ते राहील."

"मॅडम, मी मुलांना 'डोळे बरे करतो' असं लिहून देतो."

"'टिकवतो' असं द्या, सर."

बाहेरच्या बाकावर शेजारी एक म्हातारे बसले होते. डोळ्यावर हिरवी पट्टी आणि चेहऱ्यावर कापूस विकून आल्यासारखं समाधान. "मारलं का?" त्यांनी विचारलं. आमच्याकडे सगळं मारलंच जातं. फवारा मारतात, चक्कर मारतात, शिक्का मारतात, गप्पा मारतात. आता लेझर. "माह्या दोन्हीले मारून झालं," ते म्हणाले. "काई दुखत नाई. बसाचं फक्त." त्यांना तरंगलांबी माहीत नव्हती. ते दर तारखेला ढाणकीहून गाड्या बदलत येत होते आणि सांगितलं तसं बसत होते.

मीही बसलो. हनुवटी टेकवली, कपाळ पट्ट्याला लावलं, डोळ्यावर भिंग चढलं. आणि हिरवा लखलखाट सुरू झाला, एकामागून एक, मोजता मोजता मोजणी सुटली. आयुष्यभर मी लेझरच्या मागं उभा राहिलो होतो. समोर पहिल्यांदाच बसलो. प्रेक्षकाला काय वाटतं ते तेव्हा कळलं.

घरी आल्यावर चार-सहा दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली. दिवेलागणीच्या वेळी उजव्या डोळ्याला पूर्वीपेक्षा कमी दिसत होतं. अंगणातला रांजण कुठं आहे ते चाचपावं लागत होतं. माझ्यातला भौतिकशास्त्रज्ञ उठून उभा राहिला. साधी गोष्ट आहे, मी बायकोला समजावलं, प्रत्येक लखलखाट म्हणजे एक डाग. तेवढा पडदा जळाला, तेवढं दिसणं गेलं. डाव्यानं चांगलं दिसतं, तो कोण जाळून घेईल?

बायकोचे वडील वनरक्षक होते, त्यांची सगळी नोकरी पांढरकवड्याच्या जंगलात झाली. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माहे बाबा उन्हाळ्याच्या आधी काय करे, मालूम आहे? जंगलाच्या कडेनं लंबा पट्टा जाळून ठेवे. जाळरेषा म्हणे त्याले. लोक हसे, म्हणे हा कसा रखवालदार, सोताच जंगल जाळते. पण वणवा आला का त्या पट्ट्यापाशी येऊन थांबे. मॅडमनं तेच केलं ना तुमच्या डोळ्यात. कडा जाळल्या, मधलं राखाले."

इतकं स्वच्छ मला आजपर्यंत कुणी काही शिकवलेलं नाही. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "जंगल वेगळं आणि पडदा वेगळा."

"हो, तुमी लय शिकले," ती म्हणाली. "जा का नका जाऊ. डोळा तुमचाच आहे."

मी गेलो नाही. 'जाणार नाही' असंही म्हटलं नाही, ते धैर्याचं काम झालं असतं. आधी स्नेहसंमेलन होतं, त्यात माझी एकपात्री नक्कल होती. मग प्रात्यक्षिक परीक्षा, मग पेपर तपासणी. पुढचा आठवडा चार महिने पुढेच राहिला. दवाखान्यातून दोनदा फोन आला, दोनदा मी 'येतो' म्हणालो. तिसऱ्यांदा नंबर पाहिला आणि घशातून एक थकलेला म्हातारा काढला: "सर बाहेरगावी गेलेत हो, मी त्यांचा काका बोलून राह्यलो." खोकलासुद्धा घातला. समोर बसलेले गणिताचे सर हसून हसून खुर्चीतून घसरले. ती माझी उत्तम भूमिका होती. त्याहून चांगली पुन्हा वठली नाही.

एप्रिलमध्ये मेहुणीच्या मुलीचं लग्न होतं, कळंबला. गोरज मुहूर्त, गावाबाहेरचं लॉन, आणि डीजेवाल्यानं आणलेला लेझर. धूर सोडणारं यंत्रही होतं. इथं माझी उदबत्ती म्हणजे अगदीच गरिबी. मी पुढच्या रांगेत खुर्ची ओढून बसलो. हिरव्या काड्या आभाळात फिरत होत्या, पंख्यासारख्या उघडत, मिटत होत्या. आणि मग त्यांच्यामधून काळे धागे खाली उतरायला लागले. आधी दोन-तीन, बारीक, कोळ्यानं सोडावेत तसे. मग पाण्यात शाई पडावी तशी काळी भोवरी फिरत फिरत पसरली. वाह! मी टाळ्या वाजवल्या. शेजारी दुसरे एक साडभाऊ बसले होते, त्यांच्या कानाशी ओरडलो, "भाऊ, हे काळं कसं काढलं असंल यानं?"

"काळं कोणतं?"

"ते काय, वरतून खाली येऊन राह्यलं!"

"हिरवं आहे अन् लाल आहे. काळं कायचं आलं?"

"अहो, तेच तर म्हणतो! काळा प्रकाश नसतोच. फेकणार कसा? मोठी करामत..." आणि मी तिथंच थांबलो. काळा प्रकाश नसतो.

डावा डोळा झाकला. आभाळ साफ, हिरव्या काड्या, थोड्या वाकड्या. उघडला. शाई.

भटजींनी 'सावधान' म्हटलं. चहूबाजूंनी अक्षता उडाल्या, माझ्याही डोक्यावर पडल्या. मी हातातल्या अक्षता तशाच धरून बसलो होतो. बायको बायकांच्या घोळक्यातून माझ्याकडे पाहत होती. तिनं फक्त स्वतःच्या डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं. मी मान हलवली.

पुढचं सगळं थोडक्यात उरकतो, कारण त्यात एकही टाळीची जागा नाही. नागपूरला शस्त्रक्रिया झाली. कितीतरी दिवस पालथं पडून, मान खाली घालून राहिलो. माझ्यासारख्याला हे वळण लावायला एवढं करावं लागलं, असं म्हणून मी वॉर्ड हसवला. डाव्या डोळ्यासमोर हात हलवला तर कळतं, एवढं परत आलं. उजव्याच्या मधली सूज हटली नाही. इंजेक्शनं झाली, तीही डोळ्यात. दर महिन्याला कॅलेंडर एक पाऊल मागं सरकत गेलं आणि एक दिवस भिंतीत गेलं. आता हे मी फोनला सांगतो आणि फोन टिपून घेतो. तो मध्येच 'एवढंच?' असं विचारत नाही, ही त्याची मोठी खोड.

मागच्या महिन्यात यवतमाळला पुन्हा गेलो. त्याच डॉक्टर. त्यांच्या बोलण्यात राग असता तर मला पुष्कळ सोपं गेलं असतं.

"मॅडम, आणखी लेझर?" मी विचारलं. "आता कुठंही मारा. मी हलणार नाही, बोलणारसुद्धा नाही."

"मारायला जागा उरली नाही, सर."

मी उठायला लागलो. मग म्हणालो, "तो फोन माझाच होता. काका नव्हते."

"माहीत होतं," त्या म्हणाल्या. "सिस्टरनं लगेच ओळखलं होतं. आम्ही सगळे हसलो होतो त्या दिवशी."

हेही त्यांनी मला सांगायला नको होतं. की मीच ऐकायला नको होतं, ठरवता येत नाही. गणिताचे सर धरून किमान तीन माणसं हसली. नट म्हणून मला एवढं पुरायला हवं होतं.

"पुढची तारीख?"

"दुखलं, लाल झालं तर या. नाहीतर तशी गरज नाही."

बायकोनं फाइल पिशवीत घातली. जाळरेषेचं ती त्या संध्याकाळनंतर एकदाही बोललेली नाही. ती बोलली असती तर मी भांडलो असतो, आणि भांडणात मला बरं वाटलं असतं.

दारव्ह्याची काळी-पिवळी जीप भरायला वेळ लागला नाही. मला खिडकी मिळाली. आंधळ्याला खिडकी कायले, असं कुणी म्हणालं नाही, म्हणून मीच म्हणालो, आणि गाडीतले सगळे हसले. गाडी गावाबाहेर पडली. वारा लागत होता. बाहेर करडं होतं, राखेसारखं, आणि ते हळूहळू आणखी दाटत होतं. दवाखान्यात फारच वेळ गेला असणार.

"दिवस बुडाला का वं?" मी बायकोला विचारलं.



"आभाळ आलं," ती म्हणाली.

मागच्या बाकावरून एक बाई म्हणाली, "आभाळ? आभाळ कुठं आलं माय, ऊन तं..." आणि तिचं वाक्य मध्येच तुटलं, कुणीतरी कोपर मारल्यासारखं. ड्रायव्हरनं उगाच हॉर्न वाजवला.

टाळीची अशी जागा समोर चालून आली आणि मी सोडली, असं आयुष्यात पूर्वी कधी झालं नव्हतं.

"पाऊस येईल का?" मी विचारलं.

"येईल थोडासाक," ती म्हणाली.

मी बरं म्हटलं, आणि खिडकीवर टेकलेला हात आत घेतला. तो केव्हाचा भाजत होता.