बोल्ट जड जातोय, बाबा

दत्तू मेश्राम मूळचा भंडाऱ्याकडचा. फौजेत आर्मरर म्हणून भरती झाला आणि उभी नोकरी त्यानं बिघडलेल्या बंदुका दुरुस्त करण्यात घालवली. शेवटचं पोस्टिंग लखनौला होतं. मुलगी इथंच शिकत होती, बायकोचा, गयाबाईचा, शेजारपाजार जमला होता, म्हणून निवृत्तीनंतर गावी न जाता त्यानं तेलीबागेत दोन खोल्या बांधल्या. गावाकडचा फोन आला की तो 'जय भीम' म्हणून सुरुवात करायचा आणि बोलता बोलता नकळत हिंदीत शिरायचा. पलीकडून भाऊ हसायचा, "तू आता भैयाच झाला रे."

रिकामं बसणं त्याला जमणारं नव्हतं. शहराबाहेरच्या एका शूटिंग क्लबात त्यानं रायफली सांभाळायचं काम धरलं. मुलगी स्नेहल शाळेत असताना बापाचा डबा घेऊन तिथं यायची. एकदा गंमत म्हणून ती रायफलमागे पालथी पडली, आणि क्लबचे कोच रिझवी सर तिच्याजवळ येऊन थांबले. ते दत्तूला म्हणाले, "मेश्रामजी, इस बच्ची को रोकिएगा मत." दत्तूनं रोखलं नाही. पुढं स्नेहल पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून नेम धरायच्या प्रकारात, राज्यात नाव काढून बसली, आणि त्याच जोरावर तिला आलमबागेत रेल्वेच्या ऑफिसात नोकरी लागली.

गेल्या हिवाळ्यात सराव संपवून ती वर्कशॉपमध्ये आली. रायफल बाकावर ठेवत म्हणाली, "बाबा, बोल्ट जड जातोय. जरा देखो ना."

या खेळात दर गोळीनंतर उजव्या हातानं बोल्टची दांडी वर उचलायची, मागं ओढायची, नवी गोळी घालून पुन्हा बंद करायची. हे सगळं खांद्याला टेकलेली रायफल न हलवता करायचं असतं. दांडी वर उचलताना आतली स्प्रिंग दाबली जाते, खरा जोर लागतो तो तिथं. तो जोर जास्त लागला की रायफल हलते आणि नेमासाठी जमवलेली अंगाची ठेवण मोडते. दत्तूला हे सांगायची गरज नव्हती. त्यानं बोल्ट खोलला. जुनं ग्रीस सुकून चिकट झालं होतं. ते त्यानं धुऊन काढलं. दांडी उचलताना, गोळीवर आदळणाऱ्या पिनचं मागचं टोक ज्या तिरक्या खाचेवरून चढतं, ती खाच त्यानं बारीक दगडावर, तेल सोडत, आरशासारखी घासली. नवं ग्रीस बोटाच्या टोकानं लावलं.

दुसऱ्या दिवशी स्नेहलनं दांडी वरखाली करून पाहिली आणि हसली. "अच्छा है. मस्त!"

दत्तूला बरं वाटलं. पोरीचं काही आपल्या हातानं करता येतं, याहून त्याला दुसरं काही नको होतं.

पण होळीच्या सुमारास ती परत आली. "पुन्हा जड लागतोय."

दत्तूनं खोलून पाहिलं. खाच तशीच गुळगुळीत होती, ग्रीसही ताजं होतं. तरी त्यानं दांडी बदलली. थोडी लांब केली, टोकाला मोठा गोल गोळा बसवला. दांडी लांब झाली की तेवढ्याच कामाला जोर कमी लावावा लागतो. स्नेहल काही दिवस खूश होती. मग एके दिवशी पुन्हा तेच बोलली.

दत्तूनं रायफल रिझवी सरांपुढं धरली. त्यांनी एका बोटानं दांडी उचलली. "मेश्रामजी, मक्खन है. इससे हल्का क्या कीजिएगा?"

घरी गयाबाई म्हणाली, "तिला कुकरचं झाकण लावता येत नाही. काल कुर्त्याच्या गुंड्या मला लावायला सांगितल्या."

"थकते ती. ऑफिस, मग रेंज."

"थकलेला माणूसही गुंड्या लावतोच," गयाबाई म्हणाली.

दत्तूनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. रायफलीत दोष असला तर तो शोधता येत होता. त्यामुळं दोष रायफलीतच आहे असं त्यानं मनाशी धरून ठेवलं.

राज्य स्पर्धेच्या आधी त्यानं शेवटचा उपाय केला. आतली स्प्रिंगच काढून कमी ताकदीची घातली. असं केलं की दांडी अलगद उठते, पण पिनही गोळीच्या बुडावर तितक्या जोरानं आदळत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरुण आर्मररांना तो स्वतः हे शिकवत आला होता. पण स्नेहलनं दांडी उचलली, तिचा चेहरा मोकळा झाला, आणि सरावात एकही गोळी दगा देऊन गेली नाही. त्यानं स्वतःची समजूत घातली.

स्पर्धेच्या सकाळी ऊन अजून चढलं नव्हतं. स्नेहल चटईवर पालथी पडली. दत्तू मागं, प्रेक्षकांच्या दोरीपलीकडं उभा राहिला. सुरुवात छान झाली. मग एकदा तिनं ट्रिगर दाबला आणि आवाजच आला नाही. तिनं नियमाप्रमाणं थांबून दांडी उचलली. गोळी बाहेर आली. तिच्या बुडाला पिनचा नुसता ओरखडा होता. दत्तूला एवढ्या लांबून तो दिसणं शक्य नव्हतं, पण त्याला तो दिसला. थोड्या वेळानं पुन्हा तसंच झालं. आणि मग पुन्हा.

खेळाडूशी बोलायला मनाई असते. बोलता आलं असतं तरी तो काय सांगणार होता? त्यानं दोरी दोन्ही हातांनी धरली होती. स्नेहलनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. ती दर गोळीला थोडी जास्त थांबायला लागली, कारण आता सुटेल की नाही याचा भरवसा उरला नव्हता. राज्याच्या संघात तिचं नाव आलं नाही.

परतताना गाडीत दत्तू म्हणाला, "माझी चूक झाली. स्प्रिंग बदलायला नको होती."

"बाबा, रायफलला काही झालेलं नव्हतं," स्नेहल म्हणाली. "मुझे पता था."

"कधीपासून?"

"बरेच दिवस. पेन पण नीट धरता येत नव्हता. तुम्ही इतकं मन लावून करत होता… मला बोलवेना."

दत्तू खिडकीबाहेर पाहू लागला. बाहेर अमौसीच्या धावपट्टीकडं एक विमान उतरत होतं. ते दिसेनासं झालं तरी तो तिकडंच बघत राहिला.

मोठ्या दवाखान्यात तिच्या हाताला सुया टोचून तपासणी झाली. आजाराचं नाव लांबलचक होतं, दत्तूच्या तोंडात ते बसलं नाही. डॉक्टरांनी सोप्या शब्दांत सांगितलं, की हाताच्या स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा सुकत चालल्या आहेत. पुढं थांबेल किंवा थांबणारही नाही. औषध देऊ, पण गेलेली ताकद परत आणणारं औषध आज नाही.

"मग काहीच करता येत नाही?" दत्तूनं विचारलं.

"हाताला व्यायाम द्या. आणि तिच्यासोबत राहा."

दत्तूनं मान हलवली, पण त्याला ते उत्तर वाटलं नाही. बाहेर येताना तो तिचा उजवा हात धरून चालत होता. अंगठ्याच्या मुळाशी जिथं मांस असतं, तिथं खळगा पडला होता. इतके महिने तो हात त्यानं रोज पाहिला होता.

त्यानं जुनी स्प्रिंग परत बसवली. रिझवी सरांनी चौकशी करून सांगितलं, की दिव्यांगांच्या एका गटात गोळी भरायला मदतनीस चालतो.  एका रविवारी स्नेहल म्हणाली, "चलिए बाबा, करून बघू."

दत्तू तिच्या उजव्या बाजूला गुडघे टेकून बसला. त्यानं दांडी उचलली आणि रायफल हलली. तिनं पुन्हा अंग जमवलं. त्यानं पुन्हा उचलली, पुन्हा हलली. आयुष्यभर त्यानं बोल्ट बाकावर ठेवून हाताळले होते, कुणाच्या खांद्याला टेकलेले नव्हेत.

"हळू, बाबा."

"हळूच करतोय गं."

महिनाभरात त्याला जमलं. तो श्वास धरून दांडी उचलायचा, गोळी ठेवायचा, बंद करायचा. स्नेहल डोळा न हलवता नेम धरून असायची. गोळ्या पुन्हा मधोमध लागायला लागल्या. रिझवी सर लांबून बघून मान डोलवायचे. गयाबाई घरी कितीतरी दिवसांनी मोकळेपणानं जेवली. दत्तूला वाटलं, चला, एवढं तरी.

पावसाळा सरता सरता तिचं ट्रिगरवरचं बोट थरथरायला लागलं. तो ट्रिगर फुंकर मारली तरी सुटेल इतका हलका. गोळी तिनं ठरवण्याआधीच सुटून जाऊ लागली. डाव्या हातानं करून पाहिलं, पण नेमच बसेना. एका सकाळी एक गोळी चुकून भलतीकडं मातीत गेली. कुणाला लागलं नाही. स्नेहलनं रायफल खाली ठेवली आणि सरांना म्हणाली, "सर, अब नहीं. किसी को लग जाएगी."

दत्तूच्या हातात पुढची गोळी होती. ती कुठं ठेवावी हे त्याला कितीतरी वेळ सुचेना.

रायफल क्लबच्या तिजोरीत जमा झाली. दत्तू अजून तिथं कामाला जातो. दुसऱ्यांचे बोल्ट खोलतो, घासतो, ग्रीस लावतो. कुणी म्हणालं की जड जातोय, तर आधी त्या माणसाच्या हाताकडं बघतो आणि मग स्वतःवरच चिडतो.

सकाळी तो स्नेहलला स्कूटरवर आलमबागेला सोडतो, कारण तिला आता गाडी चालवता येत नाही. परवा ऑफिसच्या दाराशी ती हँडल दाबायला गेली आणि हात घसरला. दत्तू स्कूटर स्टँडला लावून तिच्याकडं निघालाच होता. तिनं वळून पाहिलं.

"बाबा, नका येऊ. मैं कर लूँगी."

तो जागीच थांबला. तिनं कोपर टेकून हँडल दाबलं, खांद्यानं दार ढकललं. ते अर्धवट उघडून परत आलं. तिनं पुन्हा ढकललं. आत कुणीतरी तिला पाहिलं असावं, दार आतून ओढलं गेलं आणि ती गेली.  मागून रिक्षावाला "अंकल, गाड़ी हटाइए" म्हणत होता. दत्तूनं स्कूटर वळवली आणि तेलीबागेच्या रस्त्याला लागला.