रेघ मारलेलं नाव

दरसाल नोव्हेंबर आला की सरकारला एक शंका येते : ज्यांना आपण पेन्शन देऊन राह्यलो, ते अजून आहेत का गेले? मग बँकेत यादी येते. त्या यादीत आपलं नाव हुडकायचं, नावापुढं सही ठोकायची, म्हणजे अजून एक वरीस आपण जिवंत. याला हयातीचा दाखला म्हणतात. म्हाताऱ्यांना या गोष्टीचा भारी राग येतो. "आता जिवंत असल्याचा पण पुरावा द्यायचा का," म्हणतात, आणि त्यांचं बराबरच आहे. पण जालन्यात लेकाकडं राहणाऱ्या सत्यशीलाबाईंना कधी राग आला नाही. एक नोव्हेंबरची त्या दिवाळीपेक्षा जास्त वाट बघायच्या.

कारण त्या दिवशी भोकरदनच्या बँकेत द्वारकाबाई यायची.

सत्यशीलाबाई नर्स होत्या. भोकरदन तालुक्यातल्या एका उपकेंद्रात त्यांची बावीस वर्षं गेली, आणि बावीसही वर्षं द्वारकाबाई त्यांच्याबरोबर परिचर होती. परिचर हे आपलं कागदावरचं नाव. खरी नोकरी म्हणजे लसीचा डबा खांद्याला लावून वाड्या-वस्त्या तुडवायच्या, बाळंतिणीसाठी पाणी तापवायचं, आणि लस नको म्हणणाऱ्या सासूला दारातच गप करायचं. "नर्सबाई, तुम्ही सुई काढा, म्हातारीकडं मी बघते," असं ती म्हणायची आणि खरंच बघायची. एकदा एक बाई दवाखान्याच्या वाटेवर बैलगाडीतच बाळंत झाली. तेव्हा द्वारकाबाईनं आपलं लुगडं टर्रकन फाडून पोर गुंडाळलं, आणि दोन कोस उरलेल्या अर्ध्या लुगड्यात घरी आली, तीही मान वर करून. लोक हसले तर म्हणाली, "हसा हसा. तुमच्या बायकांच्या वेळेला पण मीच येणार हाय."

नर्सबाईंना अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसवतात आणि परिचरला साठाव्या. द्वारकाबाई दोन वर्षांनी मोठी. म्हणून दोघी एकाच महिन्यात निवृत्त झाल्या, एकाच दिवशी बँकेत जाऊन पेन्शनची खाती उघडली, आणि यादीत दोघींची नावं एकाखाली एक आली. वर सत्यशीला, खाली द्वारका.

नंतर सत्यशीलाबाई जालन्याला आल्या. द्वारकाबाई आपल्या वाडीवरच राहिली, भोकरदनपासून जीपनं अर्ध्या तासावर.

आता कुणी म्हणेल, एवढी माया होती तर मधून-मधून जाऊन भेटायचं होतं, अडवलं कुणी? अहो, अडवलं कुणीच नाही. पण आपल्याकडं बाईमाणसाला घराबाहेर पडायला कारण लागतं. लग्न, मयत, दवाखाना, देवदर्शन, नाहीतर सरकारी कामकाज. 'मैत्रिणीला बघावंसं वाटलं' हे कारणात बसत नाही. निदान सत्यशीलाबाईंच्या पिढीत तरी बसत नव्हतं. फोनचं म्हणाल तर द्वारकाबाईला तो कानाला धरताच यायचा नाही, आणि तिच्या लेकाचा जो नंबर होता तो दोन वर्षांपासून लागत नव्हता. राहिला हयातीचा दाखला. मुकुल, म्हणजे त्यांचा लेक, कितीदा म्हणाला, "आई, खातं जालन्याला आणू." बाई प्रत्येक वेळेला म्हणायच्या, "राहू दे रे. तिथल्या कागदाची लई भानगड हाय." भानगड काडीची नव्हती.

अशी तेरा वर्षं गेली. बँकेच्या बाकड्यावर दोघी मांडीला मांडी लावून बसायच्या. सत्यशीलाबाई धपाटे न्यायच्या, द्वारकाबाई शेंगदाण्याची चटणी आणायची. सही करायच्या आधी यादी वाचायची पद्धत होती. सत्यशीलाबाई वाचायच्या, द्वारकाबाई ऐकायची. सालभरात जे गेले त्यांच्या नावावर बँकेनं लाल रेघ मारलेली असायची.

"हे बघ, आपले कंपाउंडर गेले."

"च्च च्च. गोड माणूस व्हता."

"कशाचा गोड? तुला रजा देत नव्हता."

"मेल्यावर गोडच म्हणावं, नर्सबाई. पाप लागतंय."

द्वारकाबाईला वाचता येत नव्हतं. फक्त सही यायची, आणि ती नर्सबाईंनीच लसीकरणाच्या दिवशी झाडाखाली काडीनं मातीत गिरवून घेतली होती. आपलं नाव तिला कळायचं, आणि आपल्या वरचं नाव ते नर्सबाईंचं, हे कळायचं. तेवढं तिला बास होतं.

यंदा एक नोव्हेंबरला पहाटे सत्यशीलाबाई धपाट्याचं पीठ मळत होत्या. तेवढ्यात मुकुल मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात आला. "आई, इकडं बघ जरा. हलू नको. आता डोळे मिचकाव." बाईंना वाटलं फोटो काढतोय. पिठाचे हात वर धरून त्यांनी डोळे मिचकावले. मोबाईल टुंग वाजला.

"झालं!" मुकुल खुश. "गेला तुझा हयातीचा दाखला. आता भोकरदनच्या खड्ड्यांतून कंबर मोडून घ्यायची गरज नाही. घरबसल्या काम!"

पोरगा मायेनंच बोलला. रात्री जागून त्यानं आधार नंबर, पेन्शनचा नंबर, सगळं भरून ठेवलं होतं. त्याच्यावर रागवायचं कोणत्या तोंडानं? बाई एवढंच म्हणाल्या, "बरं झालं बाबा." मग त्यांनी धपाटे केले. ते घरातल्यांनी दह्याबरोबर खाल्ले आणि छान झाले म्हणाले.

दिवसभर त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. अकरा वाजले, आता ती जीपमधून उतरली असंल. बारा वाजले, आता बाकड्यावर जागा धरून बसली असंल. दोन वाजता त्या देवघरात गेल्या आणि तशाच बाहेर आल्या. चार वाजता बँकेचं शटर पडतं. त्या वेळेला सत्यशीलाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि बाथरूमचा नळ मोठा सोडला.

तीन दिवस त्यांनी कसेबसे काढले. चौथ्या दिवशी भोकरदनचा बाजार होता. बाजाराला द्वारकाबाई येते हे त्यांना ठाऊक होतं. सकाळी त्यांनी पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "पासबुक भरून आणते."

"अगं, पासबुक मोबाईलवर दिसतं आता," मुकुल म्हणाला.

"मला कागदावर बघायचंय."

"कागदावर काय वेगळं दिसणार आहे?"

सून संध्या भाकरी थापत होती. तिनं वर न बघताच म्हटलं, "जाऊ द्या की त्यांना. किती प्रश्न विचारता!" बायकांचं बायकांना कळतं, ते असं. बाई एसटीच्या अर्ध्या तिकिटात भोकरदनला पोचल्या.

आधी त्यांनी बाजार पालथा घातला. भाजीची रांग, बांगड्यांची दुकानं, चहाचं हॉटेल. द्वारकाबाई कुठंच दिसली नाही. मग त्या बँकेत गेल्या. तिथं कल्याणराव नावाचे बाबू बसले होते, यंदाच बदलून आलेले.

"सत्यशीलाबाई? तुमचा दाखला तर ऑनलाईन आलाय. तुम्ही उगं कशाला त्रास घेतला?"

"मला यादी बघायचीय. आमच्या द्वारकाबाईची सही झाली का, तेवढंच."

कल्याणरावांनी यादी सरकवली. बाईंनी चष्मा पुसला. आपलं नाव सापडलं. नावावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रेघ होती. खाली द्वारकाबाईचं नाव, आणि पुढं सहीच्या चौकटीत नुसतं 'द्वा'. तिथून पेन घसरत पार कागदाच्या कडेला गेलेला.

"ही रेघ कुणी मारली?" त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना.

"मीच. ज्यांचं ऑनलाईन आलं त्यांची सही घ्यायची नाही ना, म्हणून मारून ठेवली. सोपं पडतं."

"आणि ही सही? अर्धीच का?"

"त्या म्हाताऱ्या बाईंची होय? एक तारखेला आल्या, दिवसभर त्या बाकड्यावर बसून होत्या. कुणाची तरी वाट बघत होत्या. बंद व्हायच्या वेळेला मी म्हटलं, आजी, सही तरी करा. करायला लागल्या, आणि मधेच थांबल्या. वरच्या नावावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघत राहिल्या. मी म्हटलं, तुमचं नाव खालचं. तशा उठून चालायलाच लागल्या. मी हाका मारल्या, पण बाईंनी मागं वळून बघितलं नाही. त्यांची सही अपुरी आहे हो, पेन्शन थांबेल त्यांची."

"अहो साहेब!" सत्यशीलाबाई ओरडल्या, आणि आख्खी बँक त्यांच्याकडं बघायला लागली. "तेरा वर्सं झाली, या यादीत रेघ म्हंजे माणूस मेलं असतंय! सरकारदरबारी मी जिवंत झाले, आन् तुम्ही तिच्यापुढं मला मारून टाकलं की!"

कल्याणरावांच्या हातातला पेन हातातच राहिला. बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पण त्याचं ऐकून घ्यायला बाई थांबल्याच नाहीत.

जीप भरेपर्यंत त्यांना दम निघेना. ड्रायव्हरला चारदा म्हणाल्या, "चल की बाबा जल्दी, काय वरात न्यायची का तुला?" जीप फाट्यावर उतरवते, तिथून वाडी पायी. याच रस्त्यानं त्या लसीचा डबा घेऊन शंभरदा आल्या होत्या. तेव्हा गुडघे होते. आता दर दहा पावलांना थांबावं लागत होतं, आणि थांबलं की एकच विचार यायचा. चार दिवस. चार दिवस ती बाई आपल्याला मेलेलं धरून बसलीय.

दारात द्वारकाबाईची नात राजनंदिनी भांडी घासत होती. तिनं नर्सबाईंना बघितलं आणि हातातली परात खाली पडली.

"नर्सआजी? पण तुम्ही तर... आजीनं तुमच्या नावानं डोक्यावरून पाणी घेतलं! त्या दिवसापासून धड जेवली न्हाई. आमचे अप्पा म्हणले जालन्याला जाऊन येऊ, तर म्हणती, कुणाकडं जायचं आता?"

द्वारकाबाई आत भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात सूप, सुपात डाळ, आणि हात तसेच मोकळे मांडीवर. डोळ्यांना आता तिला कमी दिसायचं. दारातला उजेड अडला तसं तिनं विचारलं, "कोण हाय?"

"मी हाय गं. सत्यशीला."

द्वारकाबाई भिंतीला धरून उठली, हळूहळू पुढं आली, आणि तिनं दोन्ही हातांनी नर्सबाईंचं तोंड चाचपलं. कपाळ, गाल, हनुवटी. बाळंतपणानंतर पोर चाचपून बघायची तसं. मग तिचा बांध फुटला.

"सटवे! कुठं मेली व्हतीस तू? सही करायला तुझे हात मोडले व्हते का?"

पस्तीस वर्षांत तिनं नर्सबाईंना कधी 'तुम्ही'शिवाय हाक मारली नव्हती. ते 'तू' ऐकलं आणि सत्यशीलाबाईंनी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. दोघी म्हाताऱ्या दारातच उभ्या राहून मोठमोठ्यानं रडल्या. राजनंदिनीला कळेना, पाणी आणावं का नाही.

नंतर दोघी जेवल्या. काय जेवल्या, कुणाच्या ध्यानात नाही. द्वारकाबाईचा एक हात सारखा नर्सबाईंच्या मनगटावर होता.

"दिवसभर बसले मी तिथं," ती म्हणाली. "एकेक बाई आत आली की उठून बघायचे. मंग वाटलं, वेळ झाला असंल. मंग वाटलं, आजारी असंल. मरायचं तेवढं मनात आल्तं न्हाई बघ. आन् ती रेघ दिसली. घरी येईपर्यंत मला एकच वाटत व्हतं, मला कुणी कळवलं पण न्हाई. मी कोण लागते त्यांची, मला कशाला कळवतील?"

खरंच सत्यशीलाबाई गेल्या असत्या, तर मुकुलनं कुणाकुणाला फोन केले असते, आणि त्यात द्वारकाबाईचं नाव आलंच नसतं. जालन्याला आल्यापासून त्यांनी ते नाव घरात कधी घेतलंच नव्हतं. घेतलं तर एक नोव्हेंबरची खरी गोष्ट उघडी पडली असती. हे त्यांना आता लख्ख कळलं, आणि हातातला घास त्यांनी ताटात ठेवला.

ऊन कलायला लागलं तसा फोन वाजला. मुकुल होता.

"आई, भरलं का पासबुक? गाडी मिळाली का?"

"न्हाई भरलं. मी द्वारकाबाईकडं आले. आज राहणार हाय. उद्याही राहीन. तिची सही अर्धी राह्यली, दोघी मिळून बँकेत जाऊ."

"कोण द्वारकाबाई? आपल्या दवाखान्यातल्या मावशी? त्या अजून आहेत?"

"हाय. अजून आम्ही दोघी पण हाओत."

"अगं, पण सहीचं काय, त्यांचा पण दाखला मी मोबाईलवर काढून देतो ना. त्यासाठी तू कशाला राहतेस तिथं? दुसरं काय काम आहे का?"

सत्यशीलाबाईंनी द्वारकाबाईकडं बघितलं. तिला फोनमधलं काही ऐकू येत नव्हतं, ती नुसती यांच्या तोंडाकडं बघत होती.

"काम काहीच न्हाई रे," बाई म्हणाल्या. "मला हिची लई आठवण येती. रोज येती."