एकवीसशे सहाच्या पलीकडे

"आक्का, तुझं ते नाणं बंद पडणार हाय म्हनं?"

धाकट्या भावाचा फोन घोडेगावच्या बाजारातून आला होता. तो म्हशींचा व्यापार करतो. मागं टेम्पोत जनावर चढवतानाचा आरडाओरडा चालला होता.

"कुणी सांगितलं?"

"ग्रुपवर आलंय. तूच लिव्हलंय म्हनं. लोकं मला इचारत्यात, तुझी बहीनच बनवती ना ते?"

मी नाणं बनवत नाही. सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून मी एका लहानशा क्रिप्टोकरन्सीच्या प्रोग्रॅमची देखभाल करते. आमचा गट देशोदेशी विखुरलेला आहे. भावाला यातला फरक कधी पटला नाही. पण ते लिहिलं होतं मात्र मीच.

आमच्याकडे व्यवहारांचे गठ्ठे एकापुढे एक जोडत त्यांची साखळी होते, आणि प्रत्येक गठ्ठ्यावर वेळेचा शिक्का बसतो. तो शिक्का म्हणजे एकोणीसशे सत्तर सालापासून मोजलेले सेकंद. त्या आकड्यासाठी ठेवलेली जागा एकवीसशे सहा साली भरते. मग मोटारसायकलचा मीटर फिरून शून्यावर यावा तसं होईल. नवा गठ्ठा जुन्याच्या आधीचा दिसेल, सगळे संगणक तो नाकारतील आणि साखळी जागच्या जागी थांबेल.

उपाय तसा साधा होता. शिक्का आहे तसा राहू द्यायचा आणि मीटर किती वेळा फिरला हे प्रोग्रॅमने स्वतः लक्षात ठेवायचं. पण असा नियम सगळ्यांनी मिळून पाळावा लागतो. म्हणून माझं म्हणणं होतं, नियम आज लिहून ठेवू, लागू मात्र पुष्कळ वर्षांनी होऊ दे. तोवर जुने प्रोग्रॅम आपोआप वापरातून गेलेले असतील. गटातल्या सर्वांत जुन्या सहकारी, एक परदेशी बाई, म्हणाल्या, "पटतंय. पण चालवून दाखव." ऑनलाइन बैठक ठरली. आणि तेवढ्यात माझ्या लिखाणातलं 'साखळी थांबेल' एवढंच वाक्य कुणीतरी उचललं आणि साल गाळून पसरवलं.

भावाला मी साल सांगितलं. तो आरडाओरड्यापासून बाजूला आला. मग म्हणाला, "म्या पोरीच्या नावानं ठिवलंय त्यात. तुझ्याच भरवशावर."

ते मला ठाऊक होतं. भाची मोठी होईपर्यंत उघडणार नाही असं मुदतीचं कुलूप त्या नाण्यांना मीच लावून दिलं होतं.

"उद्या घरी ये," मी म्हणाले. "मी संगणकांचं घड्याळ त्या सालापर्यंत पुढं नेऊन बघणार आहे. तुझ्यासमोर बघू."

दुसऱ्या दिवशी तो सकाळीच आला. भावजयीनं दिलेल्या बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ओट्यावर ठेवून तो खुर्ची ओढून बसला. जेवणाच्या टेबलावर मी जुने लॅपटॉप एकमेकांना जोडून मांडले होते. खऱ्या साखळीशी त्यांचा काही संबंध नव्हता. सगळ्यांची घड्याळं एकवीसशे सहामध्ये, मर्यादेच्या अगदी तोंडाशी नेली होती.

आधी जुना प्रोग्रॅम चालवला. गठ्ठे जोडले जात होते ते एकाएकी थांबले.

"मेलं?" भावानं विचारलं.

"हो. हे असंच व्हायला पाहिजे होतं. आता नवा बघ."

नव्या प्रोग्रॅमवर शिक्का शून्यावर आला, आणि साखळी न अडखळता पुढं चालत राहिली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण कुलपांची तपासणी राहिली होती. ती लावली आणि पडद्यावर लाल ओळी येऊ लागल्या. मुदत संपून केव्हाच उघडलेली नाणी मीटर फिरताच पुन्हा बंद झाली होती.

बैठक संध्याकाळवर आली होती.

"काय झालं?"

"मुदत संपल्यावरही कुणी नाणी तशीच ठेवली, तर त्या साली ती परत कुलपात जातील."

"म्हंजी आमच्या पोरीनं नातवंडांसाठी ठिवली तर?"

"तीसुद्धा."

तो उठला, चहा टाकला आणि माझ्या हाताशी कप ठेवला. मी प्रोग्रॅम चाळत राहिले. चहा निवला. "आक्का, भाकर खाऊन घे," तो दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा मी ऐकलं. एका हातात भाकरी धरून वाचता वाचता ती जागा सापडली. बाकी सगळीकडे आम्ही पूर्ण वेळ वापरत होतो. फक्त कुलूप तपासणारा एक जुना भाग अजून शिक्क्यातला तोकडा आकडाच वाचत होता. म्हणून त्याला वाटत होतं, मुदत अजून यायचीच आहे.

दुरुस्ती एका ओळीची होती. सगळं पुन्हा पहिल्यापासून चालवलं. मीटर फिरला. साखळी चालली. उघडलेली कुलपं उघडीच राहिली, बंद होती ती बंद. मी पुन्हा चालवलं, मग आणखी एकदा. एकही लाल ओळ नाही.

"झालं?" भाऊ म्हणाला.

"झालं."

"मंग रडती कशाला?"

रडत आहे हे मला कळलंच नव्हतं. तो हसायला लागला, मग मीही. "लई झालं तुझं," म्हणत त्यानं ताट उचललं.

त्याला लवकर परतायचं होतं. तो गेल्यावर संध्याकाळी बैठकीत मी सगळं दाखवलं, सापडलेली चूकसुद्धा. त्या परदेशी बाईंनी कुलपांबद्दलच जास्त विचारलं. शेवटी त्या म्हणाल्या, "हे कामाला येईल तेव्हा आपल्यातलं कुणीही नसेल. तरी आपण ते आज करतोय, याचं मला बरं वाटतंय." कुणीच विरोध केला नाही. नियम स्वीकारला गेला, आणि खुलासा सालासकट सगळीकडे पाठवायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेतली. कित्येक दिवसांनी निवांत न्हायले आणि केस वाळवायला गच्चीत उन्हात जाऊन बसले. खाली रस्त्यावर शाळेच्या रिक्षा चालल्या होत्या. शेजारच्या काकूंनी गच्चीवर पापड वाळत घातले होते, ते राखायला सांगून त्या खाली गेल्या. मी कावळे हाकत बसले.