साठ फरशांचा बाप

मिस्त्रीकाका डोळे मिटायचे आणि लाकडाच्या सांध्यावरून अंगठ्याचं नख ओढायचे. "नख अडलं का काम नापास," म्हणायचे. हिंगणघाटात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं सुतारकामाचं दुकान होतं. असा एक माणूस तुमच्याही गल्लीत असेल.

मी टेबलावरचे लढाईचे खेळ खेळते. बोटभर उंचीचे सैनिक आणि त्यांच्या पायाखाली नदी, टेकडी, जंगल रंगवलेल्या षटकोनी फरशा. त्या हव्या तशा जुळवायच्या, दर वेळी नवा मुलूख तयार. एवढं सगळं बोलून सांगणं मला जमलं नसतं. मी पुठ्ठ्याचा षटकोन कापून काकांपुढे केला.

"किती पायजे?"

"साठ. लाकडाचे."

"मधमाशीचं घर बांधून राह्यली काय वं?"

दुकानात मशीन चालवणारा त्यांचा भाचा म्हणाला, "मामा, तुमची नजर नाई राह्यली आता. मले कापू द्या. तुमचं बाकडं काढून तिथं दुसरी मशीन लावू."

काकांनी चाळीस वर्षं ज्यावर रंधा मारला ते बाकडं. त्यांनी त्यावर हात ठेवला. "हे काम फसलं तं काढजो."

पहिल्या बारा फरशा ओळीनं झकास बसल्या. मी त्या मिसळून पुन्हा मांडल्या. मधे फट पडली, नख अडलं. प्रत्येक फरशी त्यांनी माझ्यासमोर आधीच्या फरशीवरून आखली होती, त्यामुळे ती फक्त तिच्याशीच जुळायची. दाराच्या फळ्या ते तशाच करायचे. दाराची फळी काही जागा बदलत नाही.

"तुले आधीच दिसलं होतं नं? काऊन नाई बोलली वं?"

मी फरशा गोळा करायला लागले. भाचा बाकड्याकडे पाहत होता.

बाराही फरशा जळणात गेल्या. मग काकांनी तीन दिवस खपून सागाचा एकच षटकोन केला आणि त्यावर पेन्सिलीनं लिहिलं, 'बाप'. "आता सारी लेकरं याच्यावरूनच."

नागपूरला खेळाडूंचा मेळावा होता. भाच्याच्या गाडीतून काका आले, नवी टोपी घालून. आजूबाजूला सगळ्यांच्या फरशा प्लॅस्टिकच्या. कुणीतरी म्हणालं, "हातानं कापलेल्या? जागा बदलली की फटी पडतील."

"मिसळा," कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. "कशाही फिरवा, कुठेही लावा." ती मी होते.

खेळाडूंनी मी रंगवलेल्या साठही फरशा पत्त्यांसारख्या मिसळल्या, उलटसुलट फिरवल्या, लावल्या. काकांनी डोळे मिटले. त्यांचं नख या टोकाहून निघालं, नदी, टेकडी, जंगल ओलांडत थेट त्या टोकाला गेलं. कुठेही अडलं नाही. टाळ्या पडल्या तेव्हा ते भाच्याकडे वळले.

"काढतो का आता माहं बाकडं?"

"नाई मामा," भाचा म्हणाला, आणि तोही टाळ्या वाजवायला लागला.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. बाकडं जागेवरच आहे. परवा मी आणखी वीस फरशा करायला दिल्या. भाच्यानं मशीनवर कापल्या, एकेक 'बापा'वर ठेवून पाहिली, सगळ्या मिसळून बाकड्यावर मांडल्या. मग मशीन बंद केली, डोळे मिटले आणि अंगठा पुढे केला.