गृहीतं आधी वाचणाऱ्या ताई

प्रोग्राम चालतो का, हे आमच्या लॅबवाल्या ताईंनी कधी कुणाला विचारलं नाही. चष्मा कपाळावर सरकवून त्या एवढंच म्हणायच्या, "काय धरून चालला तू, थे सांग पहिले." यवतमाळच्या आमच्या कॉलेजात त्या प्राध्यापक नव्हत्या, लॅब असिस्टंट होत्या. पण सही प्राध्यापकांची आणि धाक ताईंचा, अशी तिथली रीत होती.

लॅबच्या जुनाट कॉम्प्युटरांवर त्यांनी स्वतः शिकून मुक्त सॉफ्टवेअर टाकली होती. त्यातलं एक सॉफ्टवेअर चालता प्रोग्राम मधेच थांबवून ओळ न् ओळ तपासू द्यायचं. त्यांचं लाडकं मात्र वेगळंच होतं. प्रोग्राम कुठल्याही परिस्थितीत चुकणार नाही, हे ते गणितासारखं सिद्ध करायला बघे. झालं नाही तर नेमका कुठे चुकेल ते उदाहरण तोंडावर फेकी. "फुकटची चीज हाये ताई, भरवसा काय?" असं मी एकदा म्हणालो. "हवा बी फुकटच हाये. घेऊ नको मंग," त्या म्हणाल्या.

त्या सॉफ्टवेअरला काही गोष्टी गृहीत धरायला सांगता येतं; त्या न तपासता खऱ्याच मानून ते पुढे जातं. ताई रिपोर्टमधली गृहीतं आधी वाचायच्या, निकाल नंतर, आणि मग पेन्सिलीने कोपऱ्यात 'तपासलं' लिहायच्या. बाहेरही तेच. माझ्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका दिली, तर मुहूर्त बघून म्हणाल्या, "वऱ्हाडाची बस टायमावर येते, असं धरलं का तुमी?" बस दोन तास उशिरा आली.

मी तिसऱ्या वर्षाला असताना ताईंनी त्यांच्या गावाकडचं, ढाणकीच्या बाजूचं एक काम आणलं. तिथल्या रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावर, पुराचं पाणी चढलं की भोंगा वाजायला हवा होता, म्हणजे लोक अलीकडेच थांबतील. ताईंचा धाकटा भाऊ रोज त्याच रपट्यावरून दूध घेऊन जायचा. पाणी मोजायला दोन सेन्सर होते आणि प्रोग्राम माझा होता.

उद्घाटन दोन दिवसांवर आलं, तरी ते सॉफ्टवेअर काही ऐकेना. दोन्ही सेन्सर एकदम बंद पडले तर भोंगा गप्प राहील, हेच उदाहरण ते पुन्हा पुन्हा दाखवी. दुरुस्तीला वायरिंगपासून बदल करावा लागला असता. मी प्रोग्रामला हात लावला नाही. गृहीतांमध्ये एक ओळ वाढवली: दोन्ही सेन्सर एकाच वेळी बंद पडत नाहीत. लगेच निकाल आला, सिद्ध. रिपोर्ट ताईंच्या टेबलावर ठेवला, संध्याकाळी त्यावर 'तपासलं' लिहिलेलं होतं. सुटलो, असं वाटलं मला. त्या वाटण्याची आज लाज वाटते.

दोन्ही सेन्सरांना बॅटरी एकच होती. त्याच वर्षी भादव्यात तिच्या पेटीत पाणी शिरलं. रपट्यावर पूर चढला तरी भोंगा वाजला नाही, म्हणून ताईंचा भाऊ पहाटेच्या अंधारात दुधाच्या कॅना घेऊन रपट्यावर उतरला. दुसऱ्या दिवशी तो बऱ्याच खाली, बाभळीच्या झुडपात सापडला.

पंधरा दिवसांनी ताई लॅबमध्ये आल्या. कपाटातून रिपोर्ट काढून त्यांनी माझ्या ओळीवर बोट ठेवलं. "हे तुहं?"

"हो ताई."

त्यांनी शिव्या द्याव्यात, मारावं, असं मला फार वाटत होतं. त्या हळूच म्हणाल्या, "मी वाचलंच नाई हे. बाकी पोट्ट्यांचं वाचतो, तू केलं म्हून नाई वाचलं. थो लबाडी करनार नाई, असं धरून चालली मी."

मग त्यांनी खोडरबर घेतलं आणि कोपऱ्यातलं 'तपासलं' पुसून टाकलं. महिनाभरात नोकरी सोडून त्या भावाच्या लेकरांपाशी गावी गेल्या. ढाणकीची गाडी यवतमाळहून सुटते, ती कुठे उभी राहते हेही मला ठाऊक आहे. पण त्यांच्या दारात जायची माझी छाती झाली नाही.

आज माझं पोट याच कामावर चालतं. कधी एखादा सहकारी माझा रिपोर्ट न उघडताच म्हणतो, "तुमचं आहे ना सर, मग काय बघायचं!" मी कागद त्याच्यापुढे सरकवतो आणि म्हणतो, "बघ. मी काय धरलंय, ते आधी बघ."