नखांच्या टोकांनी

देवगाव रंगारीच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. तिकीट, रुमाल, फोन, सगळं नखांच्या टोकांनी, कडेनं धरायची. मी बघतोय हे कळल्यावर म्हणाली, "सवय आहे, काका. घासलेल्या लोखंडी पट्टीला बोट लागलं की तिथंच गंज धरतो."

विद्यापीठात ती गंज रोखणाऱ्या रसायनांचा अभ्यास करत होती. ॲसिडात डाळिंबाच्या सालींचा अर्क घालायचा, त्यात पट्ट्या टांगायच्या आणि किती झिजल्या ते तोलून बघायचं. आजच्या पट्ट्या संध्याकाळी काढायच्या होत्या, आणि ही निघाली होती गावी. तिला बघायला पाहुणे येणार होते.

"मैत्रीण वेळेवर काढंल का नाय..." ती सारखी घड्याळ बघायची, उठायची, परत बसायची. मलाही चैन पडेना.

"होईल गं. आधी पाहुण्यांचं बघ."

"पाहुण्यांना चहा देऊन बसवता येतं, काका. ॲसिडाला कसं बसवू?"

दौलताबादला बस थांबली तशी ती झटकन उतरली. खिडकीतून पाहिलं, तर रस्त्यापलीकडं, शहराकडं जाणाऱ्या गाडीची वाट बघत ती फोनवर ओरडून सांगत होती, "व्हय आई, बसलेय की गाडीत! खिडकीपाशीच!"

फोन मात्र तिनं मुठीत गच्च आवळून धरला होता.