वकीलवहिनींची अमेरिकन गल्ली

वकीलवहिनी विनोदी मालिका बघायच्या आणि चिडायच्या. आधी हसायच्या. पदर तोंडाला न लावता, मान मागे टाकून मोकळ्या हसायच्या. मग डोळे पुसता पुसताच पडद्यावरच्या बाईला फैलावर घ्यायच्या. "अगं, कशाला लपवतेस? कोणासाठी लपवतेस? तो तिकडे खुशाल बसलाय आणि तू इकडे पडदे ओढत फिरतेस." ती बाई अमेरिकेतली, तिला मराठी कळत नव्हतं, याचा वहिनींच्या रागावर काडीचाही परिणाम होत नसे.

लग्न होऊन मी महाडला आले तेव्हा आमच्या शेजारचं घर वकीलसाहेबांचं होतं. एसटी स्टँडच्या मागची वसाहत, पुढे तगर आणि मागे धुण्याचा दगड असलेली बैठी घरं. वकीलसाहेबांचं तालुक्यात मोठं नाव होतं. कोर्टात दरारा, बाजारातून चालले तर दुकानदार गादीवरून उठून नमस्कार करायचे. त्यांच्या बायकोला नाव होतं, पण ते कोणी घेत नसे. सगळ्या गावाच्या त्या वकीलवहिनी. माहेर चिपळूणचं. इंग्रजी घेऊन बी. ए. झालेल्या, लग्नाआधी शाळेत शिकवलेलं. लग्न ठरताना सासऱ्यांनी सांगितलं होतं, वकिलाच्या बायकोनं हातात खडू धरायचा नाही. वहिनी हे सांगायच्या तेव्हा त्यांचा आवाज शांत असायचा, पण हातातली मेथीची जुडी अशी काही निवडली जायची की पानांबरोबर देठही जायचे.

एका वर्षी केबलवाल्यानं इंग्रजी चॅनेल सुरू केलं, बहुधा चुकून. त्यावर दुपारी ही मालिका लागायची. अमेरिकेतल्या कुठल्याशा शहराबाहेरची एक गल्ली. सारखी घरं, पुढे कापलेलं गवत, आणि प्रत्येक घरात एक बाई, जी काहीतरी लपवते आहे. एक दुकानातून केक आणून तो स्वतः भाजल्याचं सांगते. एकीचा नवरा घर सोडून गेलाय आणि ती गल्लीभर सांगते की तो कामानिमित्त दौऱ्यावर आहे. एक दिवसभर पडद्याआडून बाकीच्यांवर नजर ठेवते आणि तिचंच गुपित सगळ्यात मोठं. वहिनींनी त्यांची नावं ठेवली होती, केकवाली, दौरेवाली, पडदेवाली. इंग्रजी नावं आमच्या तोंडात बसली नसती, ही आम्हाला नंतर आमच्या ओळखीच्याच वाटायला लागली.

बघायला आम्ही तिघी. वहिनी, मी आणि हौसा. हौसा त्यांच्याकडे धुण्याभांड्याला यायची. पोलादपूरच्या वरच्या अंगाला तिची वाडी, नवरा मुंबईला हॉटेलात कामाला, वर्षातून गणपतीला आणि होळीला दिसायचा. ती उंबऱ्याशी बसायची. वहिनी तिला हाताला धरून आत आणायच्या आणि सतरंजीवर बसवायच्या. मग संवाद सुरू झाले की भराभर मराठी करून सांगायच्या, आणि त्यात स्वतःची भर घालायच्या. मला पुढे जे थोडंफार इंग्रजी आलं ते त्या सतरंजीवर बसून.

एकदा दौरेवाली नवऱ्याचं ताट वाढून ठेवते आणि शेजारीण आल्यावर म्हणते, "आत्ताच फोन आला, विमान चुकलं." आम्ही खूप हसलो. हौसा म्हणाली, "वयनी, आमच्या वाडीत पन असंच हाय. फकस्त घरांना रंग नाय."

वहिनी हसता हसता थांबल्या. "सगळीकडे असंच आहे गं," म्हणाल्या. "फरक एवढाच की तिकडे ते दाखवतात, आपण झाकतो आणि वर त्याला घराणं म्हणतो."

त्यांच्या घरातलं काय झाकलेलं होतं ते साऱ्या महाडला माहीत होतं. वकीलसाहेबांचं पोलादपूरला दुसरं घर होतं. शनिवारी संध्याकाळी ते गाडी काढत आणि सोमवारी सकाळी परस्पर कोर्टात जात. कोणी विचारलं तर वहिनी सांगत, "पोलादपूरला पक्षकाराकडे गेलेत." रविवारी, दिवाळीच्या पाडव्याला, नारळी पौर्णिमेलाही पक्षकाराकडे. विचारणाऱ्याला उत्तर माहीत असायचं, तरी तो विचारायचा. मला जो राग आहे तो या विचारणाऱ्यांचा आहे. वाण्याचा, देवळातल्या भजनी मंडळाचा, हळदीकुंकवाला येऊन "साहेब दिसत नाहीत?" म्हणत खालमानेनं हसणाऱ्या बायकांचा. खुद्द वकिलाला कोणी काही विचारलं नाही. तो महिला दिनाला व्यासपीठावर उभा राहून स्त्रीच्या सन्मानावर बोलायचा, आणि वहिनींना पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवाव्या लागायच्या. मी एकदा शेजारी होते. वहिनींनी तळहात एकमेकांना लावले आणि तसेच धरून ठेवले. टाळी वाजली नाही.

त्या दुसऱ्या बाईबद्दल मात्र मी त्यांच्या तोंडून वाईट शब्द ऐकला नाही. मीच एकदा तावातावानं बोलायला लागले तर म्हणाल्या, "तिला कशाला बोलतेस? तिला तरी कोणी विचारलं असेल का? माझ्याबरोबर सप्तपदी चालले ते, ती नाही."

मग ती दुपार आली. कोर्टाला सुट्टी होती. मालिका रंगात आली होती. पडदेवालीच्या घरात केकवाली खिडकीतून शिरते आणि तिथेच अडकते, असं काहीतरी. हौसा तर जमिनीवर आडवी पडून हसत होती. वकीलसाहेब आत आले, बरोबर त्यांचे दोन स्नेही होते. साहेब कधी आवाज चढवत नसत. गालातल्या गालात हसत म्हणाले, "हे काय चाललंय? चांगल्या घरातल्या बायकांनी दुसऱ्यांच्या घरातली लफडी बघत बसायचं?"

स्नेही हसले. हौसा उठून कोपऱ्यात गेली. मी पदर सारखा केला. वहिनींनी रिमोट घेऊन आवाज कमी केला. मला वाटलं, आता बंद करतील.

"बसा ना तुम्हीही," त्या म्हणाल्या. "आणि हे आवडत नसेल तर पोलादपूरचं घर कुठल्या चॅनेलवर लागतं तेवढं सांगा. आम्ही ते बघू."

स्नेह्यांपैकी एकानं घड्याळ बघितलं. साहेब चपला घालून बाहेर पडले. वहिनींनी आवाज पुन्हा पूर्वीइतका केला आणि मालिका शेवटपर्यंत बघितली. रिमोट मांडीखाली दाबून ठेवला होता.

दोन दिवसांनी साहेबांचा कारकून टेम्पो घेऊन आला आणि टीव्ही उचलून घेऊन गेला. दुरुस्तीला न्यायचाय म्हणाला. चालू टीव्ही. त्यानंतर हौसा तिच्या वाडीवर जाऊन आली आणि भांडी न घासताच मोरीशी उभी राहिली.

"काय गं?" वहिनींनी विचारलं.

"टीवी पोलादपूरला हाय, वयनी. माझ्या नणंदेनं बगितला. त्या बाईच्या पडवीत लावलाय."

मी वहिनींकडे बघायचं टाळलं. त्यांनी मांडणीवरून रिमोट काढून आणला, हातात उलटासुलटा केला. "हा इथेच विसरलेत," म्हणाल्या. "आता दर वेळी बटण दाबायला उठावं लागेल त्यांना." आणि हसल्या. आम्हीही हसलो. मग त्यांनी तो रिमोट मागच्या धुण्याच्या दगडावर असा आपटला की त्याची बटणं तगरीच्या झाडाखाली उडाली.

गावानं काय करावं? गावानं मालिकेला दोष दिला. इंग्रजी सीरियल बघून वकीलवहिनींचं डोकं फिरलं, असं ठरलं. चार लोक केबलवाल्याकडे गेले, बायका बिघडतायत, चॅनेल बंद करा म्हणाले. एका माणसानं बायकोचा टीव्ही उचलून दुसऱ्या घरात नेऊन ठेवला, त्याच्याकडे कोणी गेलं नाही. त्या वर्षी हळदीकुंकवाची बोलावणी वहिनींच्या दारावरून पुढे गेली.

केबलवाल्यानं चॅनेल बंद केलं नाही, धंद्याचा माणूस होता. मी वहिनींना आमच्याकडे बोलावलं. माझ्या सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तिच्या संगतीनं तूही बोलायला शिकशील." मी म्हणाले, "शिकते आहेच." त्या घरात मी पहिल्यांदा उलटून बोलले. सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, पण दुपारी दाराआड उभ्या राहून मालिका ऐकायच्या. पुढे वहिनींनी त्यांनाही हाताला धरून आत आणलं.

मग मुंबईहून वहिनींचा मुलगा आला. शिकलेला, बोलायला मऊ. मी तेव्हा तिथे चहाचे कप उचलत होते. म्हणाला, "आई, या वयात कशाला तमाशा? बाबा काही तुला सोडून गेलेले नाहीत."

"सोडून गेले असते तर मी पेढे वाटले असते," वहिनी म्हणाल्या. "ना धड गेले, ना धड राहिले. आणि राहिले नाहीत हे लपवायचं काम माझ्याकडे. मी थकले रे ते करून."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना माझ्याआधी माहीत होतं. तुलाही होतं."

मुलगा संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. आईची बाजू घ्यायला शिक्षण लागत नाही, आणि ज्याला ते आहे त्यालाही जमतंच असं नाही, हे मी त्या दिवशी बघितलं.

वहिनी निघाल्या त्या सकाळी ऊन पडलं होतं. एक बॅग आणि एक पिशवी, दोन्ही हौसानं उचललेल्या, मला हात लावू दिला नाही. स्टँडवर अर्धं गाव असतंच. "माहेरी का?" असं दोघातिघांनी विचारलं. वहिनी प्रत्येकाला थांबून सांगत होत्या, "नाही. घर सोडून चाललेय." पहिल्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसरा "बरं बरं" म्हणाला. तिसऱ्याला त्यांनी पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. चिपळूणची गाडी लागली. वहिनी खिडकीशी बसल्यावर हौसा रडायला लागली, तशा त्या तिच्यावरच डाफरल्या, "रडतेस काय गो? मी मेले का?" हौसाशी त्या कधी कधी तिच्याच बोलीत बोलायच्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "दौरेवालीचं पुढे काय होतं ते बघून ठेव. भेटलीस की सांग."

चिपळूणला भावाच्या घरामागच्या खोलीत त्या राहिल्या. मुलांना इंग्रजी शिकवू लागल्या. मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या बोटांना खडू लागलेला होता आणि एका मुलाला "तोंड उघडून बोल, पुटपुटू नकोस" म्हणून दटावत होत्या. दौरेवालीनं शेवटी गल्लीला खरं सांगून टाकलं, हे मी त्यांना सांगितलं. "उशीर केला," म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या. त्यांना अशी काही वर्षं मिळाली. फार नाही. पोटाचं दुखणं निघालं आणि त्यातच गेल्या.

महाडला शोकसभा झाली. वकीलसाहेब खुर्चीत मधोमध, पांढऱ्या शर्टात, रुमाल डोळ्यांना. माणसं वाकून त्यांचे हात हातात घेत होती. टेबलावर वहिनींचा लग्नातला फोटो. ज्यांनी घराण्याची घडी विस्कटणार नाही, असे सगळे शब्द तिथे आले. सोशिक आल्या, सात्त्विक आल्या. एक वक्ते, तेच ज्यांनी त्या दुपारी घड्याळ बघितलं होतं, म्हणाले, "वहिनींनी साहेबांची सावली होऊन अखेरच्या श्वासापर्यंत या घराचा संसार सांभाळला."

माझ्या शेजारी हौसा बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी उठून उभी राहिले. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"अखेरपर्यंत नाही," मी म्हणाले. "त्या हे घर सोडून गेल्या होत्या. का गेल्या ते इथे सगळ्यांना माहीत आहे. मी आणि हौसानं त्यांना एसटीत बसवून दिलं होतं."

पंखा फिरत होता. साहेबांनी रुमाल खाली घेतला, पण मान वर केली नाही. पुढच्या रांगेतले काही जण वळून बघत होते आणि मागच्या रांगेतल्या बायका बघत नव्हत्या. वक्त्यांनी घसा साफ केला, हातातला कागद खिशात घातला आणि म्हणाले, आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहू.

खुर्च्या सरकल्या, सगळे उभे राहिले. मी उभीच होते.